निगेटिव्ह स्कॅनला देण्याआधी

प्रश्न: 1983मध्ये वडिलांनी साखर कारखान्यावर माहितीपट करायला घेतला होता, तो अर्धवट राहिला. 16 मिलिमीटर रंगीत निगेटिव्हचे 400 फुटी चार डबे आणि आवाजाच्या पाव इंची टेप घरी आहेत. दोन डब्यांना व्हिनेगरसारखा वास येतो. मला हे कॉम्प्युटरवर एडिट करायचंय. एक जण 25 फ्रेमवर, रंग दुरुस्त करून एमपीफोर द्यायला तयार आहे. स्वस्तात होतंय. देऊन टाकू का?
— एक वाचक, कराड

उत्तर: थांबा. आधी वासाचे दोन डबे बाकीच्यांपासून वेगळे काढा. फिल्मचा ॲसिटेट बेस, म्हणजे चित्राखालची प्लास्टिकची पट्टी, कुजतोय, आणि त्याची वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. गेलेलं परत येत नाही. थंड, कोरड्या, हवा खेळत्या जागी वेग मंदावतो, इतकंच. म्हणून स्कॅनला हेच दोन आधी जाऊ द्या.

मी संकलन शिकले ते स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापण्या-जोडण्याच्या टेबलावर. तेव्हा रश प्रिंटवर, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या कामाच्या प्रतीवर, कितीही ओरखडे पडले तरी लॅबमध्ये निगेटिव्ह सुखरूप असायची. तुमच्याकडे आहे ती निगेटिव्हच, त्यामुळे ती प्रोजेक्टरवर चढवू नका, कुणाला चढवू देऊ नका. स्कॅनरवाल्याला थेट विचारा, ‘मशीनला दात आहेत की नुसते रोलर?’ कुजकी फिल्म आकसते, दातांवर तिची छिद्रं फाटतात. आणि स्कॅनआधी साफसफाई हवीच, कारण निगेटिव्हवरचा धुळीचा कण पडद्यावर पांढराशुभ्र उमटतो.

आता ते 25 फ्रेम. 16 मिलिमीटरच्या एका फुटात 40 फ्रेम, म्हणजे एका डब्यात 16,000. सेकंदाला 24 फ्रेमने त्या साधारण 11 मिनिटं 7 सेकंद चालतात, 25ने 10 मिनिटं 40 सेकंद. म्हणजे शूट 24वर झालं असेल तर चित्र 27 सेकंद आधी संपलं, टेप मात्र बोलतेच आहे! वडिलांनी 24वर शूट केलं की 25वर, हे डब्यातल्या कॅमेरा रिपोर्टवर असेल. कागद नसेल तर क्लॅप असलेला एखादा लांब शॉट घ्या, क्लॅप जुळवा आणि शॉटच्या शेवटी ओठ जुळतात का बघा.

रंग दुरुस्त करून घेऊ नका. लॉगमध्ये (उजेड-अंधाराचे तपशील राखणारी फिकी नोंद), 10 बिट (रंगछटांच्या बारीक पायऱ्या), निदान 2केवर (सुमारे 2,000 पिक्सेल रुंद) स्कॅन मागा. चित्र राखाडी, मेलेलं दिसेल, घाबरू नका. भट्टीची धग आणि चिमणीमागचं आभाळ, दोन्हींचे तपशील त्यातच शाबूत असतात. एमपीफोरमध्ये आभाळ एकदा पांढरं झालं की तुम्ही काहीही करा, ढग येणार नाहीत. कडेची छिद्रं दिसतील एवढी मोकळी फ्रेमही घ्या, म्हणजे एज नंबर, फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक, वाचता येतात.

याला जागा लागते. डीपीएक्समध्ये प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल होते; 2के फ्रेम साधारण 12 एमबीची, म्हणजे एका डब्याला 200 जीबीच्या आसपास. ते मूळ दोन हार्डडिस्कवर ठेवा, एडिट प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटमधल्या हलक्या प्रतीवर करा आणि शेवटी मूळ जोडून घ्या. चारही डबे परवडत नसतील तर यंदा वासाचे दोनच करा, पण असेच करा.

टेप 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर उतरवून घ्या. आवाज नाग्रा या टेप रेकॉर्डरवर घेतलेला असेल तर टेपमध्ये पायलट टोन, म्हणजे टेपचा वेग कॅमेऱ्याशी जुळवायचा संकेत, असू शकतो. तो वाचणारं मशीन असलेल्याकडेच टेप द्या.