जुळ्या मुली असतील तर घरात सगळं दोन-दोन आणावं का?

तुमच्या मुली आठ महिन्यांच्या आहेत आणि आत्तापासून सगळं दोन-दोन घ्यायचं का असं विचारलंय. आमच्या सहा वर्षांच्या आहेत, कोथरूडला राहतो, घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि या दोघी. डायपर-झोप वगैरेबद्दल मी काही सांगत नाही, ते दिवस मला नीट आठवतच नाहीत. एवढंच सांगते की एकीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपेंट लावा. आमच्या अगदी डिट्टो सारख्या आहेत, आणि तिसऱ्या महिन्यात मी पहाटे झोपेत एकीलाच दोनदा डी-थ्रीचे थेंब पाजले, दुसरी कोरडीच. डॉक्टर म्हणाले एखाद वेळी झालं तर काही नाही हो, पण मी दिवसभर रडत होते. त्याच संध्याकाळी अंगठा लाल केला आणि फ्रिजला एक वही टांगली, कोणाला काय दिलं ते लिहायला.

आता दोन-दोनचं. आम्ही पण तसंच केलं, दोन बाहुल्या, दोन दप्तरं, तुळशीबागेतून क्लिपा आणल्या त्या पण जोडीने, आणि उपयोग शून्य, कारण जी क्लिप दुसरीच्या केसात आहे तीच हवी असते, मग भले दोन्ही एकाच पाकिटातल्या असू देत. आणि खरी भांडणं ज्यावरून होतात त्या गोष्टी दोन नसतातच. लिफ्टचं बटण एक. रिक्षात कडेला बसायचं तर एका बाजूला आडवा दांडा असतो म्हणून चढायची कड पण एकच. आंब्याच्या फोडी तुम्ही तराजूत घालून द्या, पण कोय एकच निघणार ना.

यावर सासूबाईंचा उपाय म्हणजे मोठी आणि धाकटी. दोघींत अंतर किती, तर दोन मिनिटं, ते पण सिझेरियन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताला जी आधी लागली ती मोठी! पण "तू मोठी ना गं, दे तिला" म्हणत म्हणत आमची एक पोरगी त्या दोन मिनिटांपायी अख्खा सीझन कोय सोडत होती, आणि दुसरीने "मी लहान आहे" म्हणताना काढायचा एक वेगळाच आवाज शिकून घेतला. शेवटी नवऱ्याने सांगितलं की आधी कोण झालं हे घरात बोलायचं नाही. सासूबाई दोन दिवस रुसल्या, मग झालं.

आणि मग त्यालाच सुचलं ते पार्किंग. आमच्या गल्लीत पी१-पी२ च्या पाट्या आहेत, सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषमला समोर. तसंच एक मुलगी सम, एक विषम. बटण, कड, कोय, आंघोळीला आधी कोण, आजीजवळ कोण झोपणार, सगळं तारखेवर. सकाळी उठून दोघी आधी कालनिर्णयसमोर जाऊन उभ्या राहतात, ३१ पर्यंतचे आकडे शाळेच्या आधी तिथेच शिकल्या.

मधे एकदा सम मुलगी भडकली, काल पण हिचा दिवस होता आणि आज पण हिचाच का? बघितलं तर ३१ नंतर १, दोन्ही विषम. नवऱ्याने कागद घेऊन हिशोब केला तर वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९, म्हणजे पोरीचे सात दिवस दर वर्षी बुडतायत. आता ३१ तारीख कोणाचीच नाही, आईची. (२९ फेब्रुवारीचं २०२८ ला बघू.)

बाकी खरेदीचं म्हणाल तर ब्रश, बाटल्या, टॉवेल वेगळ्या रंगाचे, आणि रंग त्यांनाच निवडू द्या. सायकल एकच घ्या. सारखे फ्रॉक आत्या-मावश्या आणतातच, तुम्ही आणू नका, बाहेर लोक नाव न विचारता "ए जुळ्या" म्हणून हाक मारतात आणि मुलींना ते कळतं. वाढदिवसाला मात्र केक दोन, छोटे चालतील, आणि हॅपी बर्थडे पण दोनदा म्हणायचं, एकदाच म्हटलं तर नाव कोणाचं आधी घेणार? शाळेत आम्ही वेगळ्या तुकड्या मागून घेतल्या, कारण एकीला काही विचारलं की उत्तर दुसरीच द्यायची.

आणि हो, या ३१ मे ला पेटीतले शेवटचे दोन हापूस कापले आणि नियमाप्रमाणे दोन्ही कोयी मी गॅलरीत उभं राहून खाल्ल्या. दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि आई चीटिंग करते यावर दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.