कन्सल्टंट व्हावं की मुदतवाढ मागावी?

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात 26 वर्षं नोकरी झाली. येत्या मार्चमध्ये 58 पूर्ण होतील. घरकर्जाचे 22 हजारांचे 18 हप्ते बाकी आहेत. बेसिक आणि डीए मिळून 52 हजार, एकूण पगार 95 हजार. साहेब तोंडी म्हणाले, 'रिटायर व्हा, मग महिना 80 हजारांवर कन्सल्टंट म्हणून घेतो.' त्याऐवजी दोन वर्षं मुदतवाढ मागायचा मला हक्क आहे का?

उत्तर: मागू जरूर शकता, पण ती मिळालीच पाहिजे असा हक्क खासगी नोकरीत नाही. निवृत्तीचं वय कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, किंवा नेमणूकपत्रात ठरलेलं असतं. म्हणून आधी ते जुनं पत्र कपाटातून काढा. तिथे 60 लिहिलेलं असेल, तर साहेबांच्या तोंडी शब्दावर 58व्या वर्षी बाहेर पडायचं कारण नाही. कुणी जन्मतारीख बदलून घ्यायला सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. नोकरीच्या अखेरीस केलेले असे दावे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नाकारले आहेत.

आता 80 हजारांकडे बघू. वरवर 15 हजारांचाच फरक दिसतो. पण नोकरीत राहिलात तर कंपनी पीएफमध्ये महिना 6,240 रुपये भरते, आणि दर वर्षामागे ग्रॅच्युइटी 30 हजारांनी वाढते, म्हणजे महिना 2,500. खरा फरक पावणेचोवीस हजारांच्या घरात जातो, आणि त्यात मेडिक्लेम धरलेलाच नाही.

मेडिक्लेमची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी असाच करार केला. टेबल तेच, खुर्ची तीच, पण निवृत्तीच्या दिवशी ग्रुप विमा संपला होता. तिसऱ्या आठवड्यात पत्नीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि सगळं बिल खिशातून गेलं. तुम्ही विमा चालू असतानाच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

हप्त्यांच्या धास्तीने मात्र सही करू नका. तुमची ग्रॅच्युइटी 52 हजार भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15 (दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार), गुणिले नोकरीची 26 वर्षं, म्हणजे 7 लाख 80 हजार होते, आणि ती करमुक्त आहे. उरलेले सगळे हप्ते मिळून 3 लाख 96 हजार. कर्ज तिथेच फिटतं. ही रक्कम 30 दिवसांत मिळायला हवी. 'इथेच तर आहात, नंतर बघू' हे चालवून घेऊ नका. निवृत्त केलं की ती देय झाली, पुढे करार असो वा नसो.

माझं मत असं: आत्ताच, लेखी, सेवेत मुदतवाढ मागा. नाहीच म्हणाले तर करार घ्या, पण रक्कम लाखाच्या वर मागा आणि मुदत व नोटिशीचा काळ कागदावर आणा. फीवर 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तेही घरखर्चाच्या हिशेबात धरा.

ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन काम चालू असतानाही 58पासून घेता येते. नुसती 60पर्यंत पुढे ढकलली तर दरवर्षी 4 टक्के वाढते खरी, पण सोडलेली 24 महिन्यांची पेन्शन त्या वाढीतून भरून यायला साडेचोवीस वर्षं लागतात. तोवर तुम्ही चौऱ्याऐंशी ओलांडलेले असाल. पेन्शन वेळेवर सुरू करा.