स्वागतपत्र आलं, पण जागा मिळाली का?

कराडच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम. झाली. एमबीएच्या सीईटीत तिला ८१ पर्सेंटाइल आहेत. घरचं वार्षिक उत्पन्न साधारण सहा लाख, प्रवर्ग ओबीसी. कॅपसाठी, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी झाली आहे, पण पसंतीक्रमाचा अर्ज अजून भरायचा आहे. तेवढ्यात पुण्याच्या एका बिझनेस स्कूलचं जाड कागदावरचं पत्र घरी आलं. खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही आणि मजकूर असा : ‘आमच्या परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत.’ सोबतच्या माहितीपुस्तिकेत अध्यक्षांचं दोन पानी मनोगत आहे. त्यात १०० टक्के प्लेसमेंट, १८ लाखांचं पॅकेज, जागतिक दर्जा, उद्योगजगताशी घट्ट नातं असं सगळं आहे. आणि शेवटी एक ओळ : चार दिवसांत ५० हजार रुपये भरून जागा निश्चित करा. आई विचारतात, ‘एवढ्या मोठ्या माणसाने सहीनिशी लिहिलंय, ते खोटं कसं असेल? पैसे भरायचे का?’

ताई, नमस्कार.

आधी पैशांचं बोलते, कारण चार दिवसच आहेत. भरू नका. ते पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते स्वागतपत्र आहे, जागावाटपाचं पत्र नाही, एवढंच सांगते आहे. कॅपमधली जागा मुलीच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसते. तिथे कॉलेजचं नाव, कोड, प्रवर्ग आणि फेरी लिहिलेली असते. तुमच्या मुलीने अजून पसंतीक्रमच दिलेला नाही, म्हणजे तिला कॅपमधून जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. याचा अर्थ हे बोलावणं संस्थास्तरावरच्या जागेसाठी आहे. त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २० टक्के जागा अशा असतात. त्याही गुणवत्तेनेच भरायच्या असतात आणि त्या प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. चार दिवसांची मुदत संस्थेने आपल्या सोयीने घातली आहे. कॅप चालवणाऱ्या सरकारी सीईटी सेलच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध नाही.

पैसे न भरण्याचं खरं कारण मात्र पुढे आहे, आणि ते लाखांत मोजायचं आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. तुम्ही त्यात बसता. पण अट आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, त्याच बाकावर मुलगी संस्थास्तरावरच्या जागेवर बसली, तर ही माफी तिला मिळत नाही. पुस्तिकेतल्या मनोगतात ‘मुलींच्या शिक्षणाला आमचं प्राधान्य’ असं वाक्य असेलही. ही अट त्यात लिहिलेली नसते, आणि कित्येक घरांना ती प्रवेश झाल्यावर कळते. तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून या चार दिवसांत कागद तपासा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालू वर्षाला वैध आहे का? नसेल तर आजच अर्ज करा. ते प्रांत कार्यालयातून मिळतं आणि वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर निदान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जवळ ठेवा. दिलेल्या मुदतीत हे कागद आले नाहीत की उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि मग पर्सेंटाइल तेच असूनही कॉलेज बदलतं. प्रवेश झाल्यावर माफीसाठी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. तो कॉलेज आपणहून भरत नाही. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस हे तुमच्याच खिशातून जाणार, ते आधीच धरून चाला.

आता त्या सहीकडे येऊ. आपल्याकडे ‘अध्यक्ष’ म्हणजे कोण, हे समजलं की अर्धा गोंधळ संपतो. अमेरिकेत कॉलेजचा प्रेसिडेंट हा पगारी, पूर्णवेळ शैक्षणिक प्रमुख असतो आणि बिझनेस स्कूल त्याच्या हाताखालचा डीन चालवतो. आपल्याकडे अध्यक्ष म्हणजे बहुतेकदा शिक्षण प्रसारक मंडळाचे किंवा ट्रस्टचे प्रमुख. त्यांच्या ट्रस्टची शाळा, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग सगळं असतं आणि एमबीए त्यातलं एक. जागा, इमारत, पैसा यांचे निर्णय ते घेतात. अर्थशास्त्र कोण शिकवणार, इंटर्नशिप कुठे लागणार, हे संचालक आणि प्लेसमेंट अधिकारी पाहतात. तेव्हा अध्यक्षांच्या मनोगतावरून ट्रस्टचा इरादा कळतो, वर्गात काय चालतं ते कळत नाही. पुस्तिकेत संचालकांचं मनोगतही असेल, ते नीट वाचा. त्यात विषयांची नावं, प्राध्यापकांची संख्या, इंटर्नशिपचे आठवडे असे तपशील असतील तर चांगली खूण. अध्यक्षांचीच वाक्यं शब्द बदलून आली असतील तर प्रश्न विचारायची गरज जास्त.

ट्रस्टच्या या रचनेमुळे एक घोळ फार होतो. मनोगतात लिहितात, ‘आमच्या संस्थेला नॅकची ए प्लस श्रेणी’. ती श्रेणी शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजची असू शकते. नॅक संपूर्ण कॉलेजचं मूल्यांकन करतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. म्हणून प्रमाणपत्रावरचं कॉलेजचं पूर्ण नाव आणि मुदत पाहा, आणि एनबीए असेल तर त्यावर ‘एमबीए’ लिहिलं आहे का ते पाहा. ‘जागतिक दर्जा’ या शब्दांशेजारी एएसीएसबीचं नाव दिसलं तर थांबा. बिझनेस स्कूलांना मानांकन देणारी ही अमेरिकेतली संस्था १९१६ साली सुरू झाली, आणि तिचं सदस्यत्व वेगळं, मानांकन वेगळं. सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं, मानांकनाला अनेक वर्षांची तपासणी लागते. पुस्तिकेत ‘मेंबर’ लिहिलं असेल तर ते मानांकन नव्हे.

एआयसीटीई, म्हणजे अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केंद्रीय परिषद. तिची मान्यता तपासायला पाच मिनिटं पुरतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर मान्यतेच्या मुदतवाढीचं पत्र असतं. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, संलग्न विद्यापीठ आणि मंजूर जागा छापलेल्या असतात. पत्राच्या मुदतीत हे शैक्षणिक वर्ष बसायला हवं. नाव ‘एमबीए’ आहे की ‘पीजीडीएम’ हेही तिथेच दिसतं. एमबीए ही विद्यापीठाची पदवी, पीजीडीएम ही संस्थेने स्वतः दिलेली पदविका. चांगली पीजीडीएम नोकरीला कमी पडत नाही, पण पुढे सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. मनात असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का ते पाहावं लागतं. आणि तुमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे, स्वतंत्रपणे प्रवेश देणाऱ्या पीजीडीएमला वरची फीमाफी जोडलेली नाही.

मंजूर जागांवरून प्राध्यापकांचा हिशेब निघतो. ६० जागा म्हणजे दोन वर्षांचे मिळून १२० विद्यार्थी. वीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक धरला तर सहा पूर्णवेळ माणसं हवीत. संकेतस्थळावरची यादी उघडा आणि मोजा. त्यातले किती जण इंजिनिअरिंगच्या यादीतही दिसतात, तेही बघा.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे वाक्य मात्र जवळून पाहायला हवं. बहुतेक पुस्तिकांत त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते आणि पानाच्या तळाशी ‘पात्र व इच्छुक विद्यार्थी’ असे शब्द. समजा १२० जागा आहेत आणि ११२ जणांनी प्रवेश घेतला. दोन वर्षांत सगळे विषय सोडवून ९६ पास झाले. त्यातल्या ६० जणांनी प्लेसमेंटला नाव नोंदवलं आणि साठही जणांना नोकरी लागली. हे झालं १०० टक्के. पण प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने आकडा ५३-५४ टक्के येतो. बाकीचे कुठे गेले? काही घरच्या धंद्यात, काही स्पर्धा परीक्षांकडे. आणि काहींना एखादा विषय राहिला किंवा हजेरी कमी पडली म्हणून नाव नोंदवूच दिलं नाही. यातली शेवटची संख्या विचारायची.

हे आकडे कॉलेजला तोंडी विचारण्याआधी एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीचा तक्ता शोधा. २०१६ पासून केंद्र सरकार ही क्रमवारी लावतं आणि भाग घेणाऱ्या संस्थांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ओळीत प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, हे एका रांगेत मिळतं. क्रमवारीत कॉलेज कितवं आहे याची चिंता करू नका, ही एक रांग वाचा.

मध्यक का, तेही सांगते. पाच मुलांना ३.६, ३.६, ४, ४.२ आणि १८ लाख मिळाले तर सरासरी निघते ६.६८ लाख. मधल्या मुलाला मात्र ४ लाखच आहेत. तुमची मुलगी मधल्या मुलाच्या जागी असेल असं धरून घराचा हिशेब करा. अठरा लाखांचा तो एक मुलगा कदाचित चार वर्षांचा नोकरीचा अनुभव घेऊन आलेला असतो.

पॅकेज म्हणजे हातातला पगारही नव्हे. सहा लाखांचं पॅकेज उदाहरणाला घेऊ. त्यात ९० हजार कामगिरीवर अवलंबून. ५० हजार रुजू झाल्याचा बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत घेतात. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा २१,६०० आणि ग्रॅच्युइटी साडेअकरा हजारांच्या आसपास. उरले सुमारे ४ लाख २७ हजार. त्यातून मुलीचा स्वतःचा निधीचा वाटा २१,६०० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की महिन्याला साडेतेहतीस हजार हातात येतात. पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा याच पैशांतून भागवायचा आहे.

‘उद्योगजगताशी नातं’ म्हणून पुस्तिकेत कंपन्यांच्या बोधचिन्हांचं एक पान असतं. एखादी कंपनी सात वर्षांपूर्वी एकदा येऊन गेली तरी तिचं चिन्ह तिथे राहतं. म्हणून वर्ष, संख्या आणि काम या तीन गोष्टी एकत्र विचारा : गेल्या वर्षी या कंपनीने किती मुलं घेतली आणि कोणत्या कामाला? ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ म्हणजे बहुधा महिन्याचं टार्गेट घेऊन केलेली विक्री. काही मुली त्यात फार छान रमतात, पण दुकानाचा हिशेब बघत मोठी झालेली आणि फायनान्सची आवड असलेली मुलगी सहा महिन्यांत थकून जाते. तिला काय हवं ते तिलाच विचारा. फायनान्स हवं असेल तर तो ऐच्छिक विषय गेल्या वर्षी खरोखर चालला का, तेही विचारा. पुरेशी मुलं जमली नाहीत तर पुस्तिकेतलं स्पेशलायझेशन प्रत्यक्षात सुरूच होत नाही.

फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळतो. पुस्तिकेतला आकडा त्याहून मोठा असेल तर फरक कशाचा, ते लेखी मागा. ब्लेझर, सर्टिफिकेट कोर्स, परदेश सहल यांचे पैसे सक्तीचे आहेत की ऐच्छिक, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. ठरलेल्या शुल्काच्या वर देणगी मागणं १९८७ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मूळ प्रमाणपत्रं दाखवून परत घ्या. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.

एवढं तपासून हेच कॉलेज बरं वाटलं तर काहीच हरकत नाही. त्याचं नाव पसंतीक्रमात टाका आणि कॅपमधूनच जा. ८१ पर्सेंटाइलवर कॅपमधून तिथे जागा मिळेल का, हे गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या यादीत ओबीसी आणि मुलींच्या रकान्यात पाहा. पसंतीक्रम लावताना आवडीचं कॉलेज वर आणि खात्रीचं खाली ठेवा. ‘मिळणार नाही’ म्हणून आवडीचं नाव वगळू नका, त्याने खालच्या जागेची शक्यता वाढत नाही. आणि नको असलेलं नाव नुसतं भरतीला टाकू नका, कारण नेमकं तेच वाटपात आलं तर पुढच्या फेरीचे पर्याय कमी होऊ शकतात.

कॉलेजला उत्तर मात्र द्या, आणि मुलीलाच लिहू द्या. मजकूर एवढाच :

‘महोदय, आपल्या स्वागतपत्राबद्दल आभार. मी कॅप प्रक्रियेतून प्रवेश घेणार आहे. कृपया पुढील माहिती लेखी कळवावी : चालू वर्षाचं एआयसीटीई मान्यतापत्र, एमबीएचं एनबीए प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, मागील दोन वर्षांत प्रवेश घेतलेल्या, वेळेत उत्तीर्ण झालेल्या आणि नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या व मध्यक पगार, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काचा तपशील.’

दोन-तीन दिवसांत आकड्यांसह उत्तर आलं तर ते कॉलेज पसंतीक्रमात दोन घरं वर सरकवा. उत्तराऐवजी ‘सीट्स संपत आल्या आहेत’ असा फोन आला तर तो नम्रपणे ठेवून द्या आणि मुलीला प्रांत कार्यालयात घेऊन जा.