पावसाळी प्रश्न: ॲक्शन कॅमेऱ्याला केस हवी की नको?

पावसाळा लागला की या सदरात कॅमेऱ्याचेच प्रश्न जास्त येतात, आणि यंदा तर बहुतेक पत्रं केसबद्दलच (कॅमेऱ्यावर चढवायच्या बंद डबीबद्दलच) आहेत, म्हणून यावेळी सगळी एकत्रच घेतेय. थोडी पत्रं लहान केलीत, राग मानू नका.

बदलापूरहून एक वाचक विचारतात: ताई, मी गोप्रो हिरो १२ घेतलाय. दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ आहे, केसची काही गरज नाही. ग्रुपमधले मित्र म्हणतात डाइव्ह केस (खोल पाण्यात चालणारी केस) घेच. मी फक्त पावसाळी ट्रेक करतो आणि भिवपुरी, विहीगावला वॉटरफॉल रॅपलिंग (दोराच्या आधाराने धबधब्याच्या कड्यावरून खाली उतरणं). कोणाचं ऐकू?

दुकानदाराचं ऐका, पण अर्धंच. हिरो ४ ब्लॅकपर्यंत केसशिवाय पाण्याजवळ जायची सोय नव्हती, २०१६ ला हिरो ५ ब्लॅक आला तेव्हापासून कॅमेरा स्वतःच १० मीटरपर्यंत चालतो, तुमचाही तसाच आहे. डीजेआय कंपनीचा ॲक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत जातो आणि ५ प्रो २० मीटरपर्यंत. म्हणजे धबधब्याच्या पाण्यासाठी ६० मीटरवाली डाइव्ह केस घेणं म्हणजे पैसे घालवून त्रास विकत घेणं, कारण त्या केसमध्ये आवाज पार दबतो, टचस्क्रीन चालत नाही, आणि कॅमेरा गरम झाला तर हवा लागायला जागाच नसते.

पण "वॉटरप्रूफ" हे सगळं बॅटरीचं दार नीट बंद असेल तरच. धबधब्याखाली उभं राहून बॅटरी बदलायची आणि ओल्या बोटांनी दार ढकलून द्यायचं, कॅमेरे मरतात ते इथे. बॅटरी बदलायचीच असेल तर सॅक उघडून तिच्या आत हात घालून बदला, दाराच्या आतल्या रबराला बोट फिरवून बघा (चिखलाचा एक कण पुरतो) आणि टक् आवाज आला का ते ऐका.

आणि रॅपलिंगमध्ये खरा शत्रू पाणी नाहीच, कातळ आहे. भिंतीवर पाय घसरला की हेल्मेट आधी आपटतं आणि हेल्मेटवर सगळ्यात पुढे असते ती लेन्स. तुमच्या मॉडेलची पुढची काच फिरवून निघते, तिला चरा पडला तर नवीन बसवता येते, म्हणून एक जादा काच सॅकमध्ये ठेवा, मात्र ती काच काढलेली असताना कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही हे पक्कं डोक्यात ठेवा. बाहेरून एक साधी मजबूत फ्रेम पुरे, जिच्यात कॅमेरा उघडाच राहतो. कॅमेऱ्याला सेफ्टी दोरी हवीच, पण आखूड! लांब दोरी लोंबत खाली आली आणि डिसेंडरमध्ये (दोरावर उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) ओढली गेली तर तुम्ही मधल्यामध्ये लटकाल, वरून पाणी कोसळतंय आणि हाताला सुटत नाही अशी अवस्था. छातीवरचा माउंटही (कॅमेरा बसवायचा पट्टाही) याच कारणासाठी नको, तिथे रोप आणि डिसेंडर दोन्ही असतात. आणि लावण्याआधी तुमच्या लीडरला दाखवा, तो नाही म्हणाला तर कॅमेरा सॅकमध्ये.

अजून एक, शूटिंग खराब होतं ते बहुतेक वेळा लेन्सवर बसलेल्या थेंबांमुळे. सर्फिंगवाले लोक लेन्सला चक्क जीभ लावून मग पाण्यात बुडवतात, थुंकीचा पातळ थर असला की पाणी थेंब न धरता सपाट पसरतं. ऐकायला कसंतरी वाटतं पण होतं काम.

कोल्हापूरहून एक वाचिका लिहितात: आम्ही चौघं दिवाळीनंतर तारकर्लीला स्कुबा करायला जाणार. घरात एसजेकॅमचा एसजे ४००० आहे, सोबत आलेली ३० मीटरची केस पण आहे, चार वर्षं कपाटात पडून होती. ती चालेल का? का नवीन घेऊ?

आधी हिशोब सांगते म्हणजे भीती पण जाईल आणि काळजी पण घ्याल. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ १ किलो. केसचं मागचं दार ६ बाय ५ सेंटीमीटर धरा, तर १० मीटरवर त्या एवढ्याशा दारावर ३० किलोच्या आसपास भार येतो. पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्यांना १२ मीटरच्या खाली नेतच नाहीत, मालवण-तारकर्लीकडे तर बऱ्याचदा त्याहून वरच असतं सगळं, त्यामुळे ३० मीटरचा आकडा तुम्हाला भरपूर आहे. प्रश्न आकड्याचा नाही, रबराचा आहे.

ती दाराभोवतीची रबरी रिंग म्हणजे कुकरची रिंगच समजा, कडक झाली, चपटी झाली, चीर पडली की भांडं कितीही चांगलं असो उपयोग नाही. चार वर्षं दार बंद ठेवून केस पडली असेल तर रिंग एका बाजूने दबून बसलेली असणार. टोकदार काहीही न वापरता नखाने हलकेच बाहेर काढा, साध्या पाण्यात धुवा, उजेडात धरून बोटांमध्ये फिरवत फिरवत सगळीकडून बघा. थोडी ताणली तर परत जागेवर येतेय का? चीर दिसतेय का? जरा जरी शंका आली तर रिंग बदला, आणि त्या मापाची मिळाली नाही तर केस बदला. खोबरेल तेल, व्हॅसलिन काही लावू नका, त्यावर वाळू चिकटते. सिलिकॉन ग्रीस सुद्धा कंपनीने सांगितलं असेल तरच, कारण रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर त्या ग्रीसने फुगू शकते.

मग परीक्षा. कॅमेरा न घालता केसमध्ये कोरडा टिश्यू पेपर घडी करून ठेवा, दार लावा, पाण्याच्या बादलीत वर दगड ठेवून अर्धा तास बुडवा, मधे मधे केसची सगळी बटणं दाबत राहा कारण गळती बटणांच्या स्प्रिंगजवळून पण होते. बाहेर काढून केस आधी पूर्ण पुसा, मगच उघडा, नाहीतर बाहेरचाच थेंब आत पडेल आणि तुम्ही उगाच घाबराल. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला दिसला तरी ती केस समुद्रात नको. काही लोक म्हणतात बादलीत काय कळणार, खाली दाब वेगळा असतो. उलट आहे हो! खोलवर पाणीच दाराला बाहेरून दाबून रिंग आवळतं, वरवरच्या पाण्यात तो आधार नसतो, त्यामुळे रिंगमध्ये डोक्याचा केस किंवा वाळूचा कण अडकला असेल तर पाणी बरेचदा पहिल्या एक-दोन मीटरातच शिरतं. म्हणून बादलीत नापास झालेली केस समुद्रात पास होईल ही आशा सोडा. मात्र बादलीत पास झाली म्हणजे ३० मीटरची खात्री मिळाली असंही नाही, जुन्या प्लास्टिकला बारीक तडा असेल तर तो दाबाखालीच उघडा पडतो, तेव्हा कोपरे आणि कडीजवळची जागा नीट बघा.

समुद्रातून आल्यावर लगेच गोड्या पाण्यात केस बंद ठेवूनच भिजवा आणि बटणं दाबा, नाहीतर मीठ सुकून बटणं अडकतात. सनस्क्रीनचे हात केसला लावू नका, आणि ज्या मच्छर क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असतं ती तर अजिबात नको, प्लास्टिक खराब होतं. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, चार-पाच मीटरवरच सगळं निळं-हिरवं दिसायला लागतं, तेव्हा केसच्या तोंडावर बसणारा लाल फिल्टर मिळाला तर घ्या.

आणि माझं मनापासून सांगणं, पहिल्याच डाइव्हला कॅमेरा स्वतःच्या हातात नको. कान मोकळे करायचे, श्वास सांभाळायचा, इन्स्ट्रक्टरच्या खुणा बघायच्या, तेवढंच खूप असतं. त्यालाच द्या, तो काढेल.

पनवेलहून एक वाचक: कोलाडला राफ्टिंगला गेलो, केस गळली नाही, आत पाणी नाही, तरी अर्ध्या तासानंतरचं सगळं शूटिंग धुरकट! केस खराब आहे का?

केस अगदी चांगली आहे, बंद चांगली होते म्हणूनच हे झालं. तुम्ही नदीकाठी पावसाळी दमट हवेत केस बंद केली असणार, म्हणजे ती वाफाळलेली हवा आत कोंडली. कॅमेरा चालू झाल्यावर आतून गरम झाला, कुंडलिका नदीचं पाणी (भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडतात ते) बाहेरून काचेला लागून काच गार, मग आतली वाफ गार काचेवर जमली. उपाय सोपा आहे. कॅमेरा केसमध्ये घालायचं काम आदल्या रात्री एसी असलेल्या खोलीत करा, एसीची हवा कोरडी असते. कॅमेरा, केस, बॅटरी तिथे तासभर उघडं ठेवा आणि मग बंद करा. आत फॉग शोषणारी पातळ पट्टी मिळते ती किंवा सिलिका जेलची लहान पुडी सरकवा, पण रिंगवर येणार नाही अशी, नाहीतर धुक्याऐवजी पाणी मिळेल. शूटिंग सलग चालू ठेवू नका, रॅपिड (खळाळत्या पाण्याचा टप्पा) आला की चालू, शांत पाण्यात बंद, कॅमेरा कमी तापेल. आणि तुम्ही लिहिलं नाहीत पण फ्लोट (कॅमेरा तरंगत ठेवणारा तुकडा) लावलाय ना? हे कॅमेरे दगडासारखे बुडतात, नारिंगी किंवा पिवळ्या रंगाचा फ्लोट घ्या, गढूळ पाण्यात काळा दिसत नाही.

पुण्याचे एक रायडर: सप्टेंबरमध्ये मनाली-लेह बाइकवर करतोय, कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर लावणार, बॅगेतल्या पॉवरबँकवरून चालू असतानाच चार्ज करायचाय. पाऊस लागला तर कोणती केस?

चालू चार्जिंगमध्ये वॉटरप्रूफ राहील अशा केसच्या मागे लागू नका. वायर आत जायला जे भोक असलेलं दार मिळतं ते लावलं की कॅमेऱ्याचं पाण्यापासूनचं संरक्षण संपलं, त्यावरून कितीही सिलिकॉनचं कव्हर चढवा. सिलिकॉन कव्हर पडझडीसाठी ठीक, पण पावसात पाणी त्याच्या आतच धरून ठेवतं आणि धुळीत बारीक वाळू धरतं. कोरड्या रस्त्यावर वायरवालं दार, ढग दिसले की थांबून मूळचं दार आणि भरलेली बॅटरी, एवढंच करा. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. चिकटणारा माउंट निघायच्या किमान २४ तास आधी लावून ठेवा, सकाळी चिकटवून लगेच निघालात तर पहिल्या खड्ड्यात जाईल.

डाइव्ह केस सोबत नेणार असाल तर एक गंमत माहीत असू द्या, लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. तिथे बंद केलेली केस पुण्यात आणलीत तर बाहेरची हवा दार दाबून धरेल आणि कडी काढली तरी दार निघणार नाही. जोर लावून, स्क्रूड्रायव्हर घालून लोक रिंगची वाट लावतात. प्रवासात, विमानात सुद्धा, केस उघडी ठेवा.

कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणारी एक वाचिका: हेल्मेटवर केससकट कॅमेरा लावला तर चालेल का?

शिकत असताना नकोच. हेल्मेटवर वर आलेली कुठलीही वस्तू ग्लायडरच्या दोऱ्यांमध्ये अडकू शकते, केस लावली की ती अजून उंच होते, आणि हवेत दोरी अडकली तर सोडवायला तिसरा हात नसतो. तुमच्या इन्स्ट्रक्टरला विचारा, पुढे परवानगी मिळालीच तर केसशिवाय, सगळ्यात बुटका माउंट, आणि ओढ बसली की सुटेल असा.

रत्नागिरीहून एक वाचक, घाईत: ताई आत्ताच खारं पाणी गेलं केसमध्ये, कॅमेरा बंद पडला, तांदळात ठेवलाय. चार्जिंगला लावून बघू का?

नाही! चार्जिंगला लावू नका, बटण दाबूनही बघू नका. तांदळातून काढा, त्याने फारसं काही होत नाही, उलट पिठूळ धूळ पोर्टमध्ये जाते. बॅटरी आणि कार्ड लगेच बाहेर, बॅटरी फुगलेली किंवा गरम वाटली तर घरापासून लांब ठेवा आणि परत वापरू नका. कार्ड गोड्या पाण्याने धुवून सुकवा, त्यातलं शूटिंग बहुतेक वाचेल. एसजे ४००० सारखा कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ नसतो, आत खारं पाणी गेलंच असेल तर मीठ सुकायच्या आत बॅटरी काढलेल्या अवस्थेत गोड्या पाण्याने, जमलं तर डिस्टिल्डने, हलकेच धुवावं लागतं, कारण पाण्यापेक्षा मागे राहिलेलं मीठ सर्किट जास्त खातं. मग दारं उघडी ठेवून पंख्याखाली, हेअर ड्रायर नको, उन्हात नको. दोन दिवसांनी रिपेअरवाल्याकडे न्या आणि खारं पाणी होतं हे त्याला आधीच सांगा, म्हणजे तो आधी उघडून साफ करेल आणि मगच करंट देईल.