गोल्फपटू फ्रान्सिस विमेट कधीच व्यावसायिक झाला नाही, मग एवढा प्रसिद्ध कसा?

1913 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेमुळे. साध्या कामकरी घरातला पोरगा. घर अमेरिकेतल्या ब्रुकलाइनच्या कंट्री क्लबसमोरच, रस्ता ओलांडला की मैदान. लहानपणी तिथेच कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, होता. विसाव्या वर्षी त्याच मैदानावर ब्रिटनहून आलेल्या हॅरी वार्डन आणि टेड रे या दिग्गजांशी बरोबरी साधली. प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत, विमेट 72 फटके, वार्डन 77, रे 78; कमी फटके तो विजेता. आणि त्याची बॅग सांभाळत होता दहा वर्षांचा एडी लाउरी!

पुढे 1916 मध्ये, खेळाच्या सामानाचा धंदा करतो म्हणून अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जाच काढून घेतला. निव्वळ कोतेपणा, दुसरं काय! 1918 मध्ये तो परत मिळाला. 1914 ला जिंकलेली यूएस अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची स्पर्धा) त्याने पुन्हा जिंकली ती थेट 1931 मध्ये.