विल्यम्स आणि ग्रिनेल, अमेरिकेतली दोन छोटी लिबरल आर्ट्स (अनेक विषय शिकवणारी पदवीची) कॉलेजं, दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. नाव बघावं की आपल्याला काय जुळतं ते?

आधी कॉलेजकडून मिळणारी आर्थिक मदत वजा करून चार वर्षांचा खर्च शेजारी-शेजारी लिहा. मग तुमच्या विभागाचं मागच्या चार सत्रांचं प्रत्यक्ष वेळापत्रक उघडा. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. पाच-सहा प्राध्यापकांच्या विभागात एक जण सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) गेला की वरच्या पातळीचा कोर्स वर्षभर गायब होऊ शकतो.

विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि आलटूनपालटून निबंध. बुजऱ्या मुलाला लपायला जागाच नाही! ग्रिनेलला पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल (तिथे हा दोघांचा नाही, छोटा वर्ग असतो) सोडलं तर सक्तीचे सामायिक विषय नाहीत, म्हणून सल्लागार ढिला मिळाला तर अभ्यासक्रम विस्कटतो. इंजिनिअरिंगची पदवी अशाच छोट्या कॉलेजातून हवी असेल तर स्वार्थमोर हे तिसरं कॉलेज बघा. आणि नावाचं म्हणाल, तर पुण्या-मुंबईतल्या बहुतेक कंपन्यांना दोन्ही सारखीच अनोळखी.