१३ लाखांची गाडी आणि १५ लाखांचं कवच

प्रश्न : वय ४१, नाशिकला खासगी नोकरी. हातात दरमहा १ लाख ४० हजार येतात. करपात्र उत्पन्न २० लाख, नवी करपद्धती. घरकर्ज ४० लाख बाकी, हप्ता ४२ हजार. घरखर्च ६० हजार. पत्नी गृहिणी, तिला मधुमेह आहे. दोन मुलं शाळेत. ९ लाखांची एफडी आहे. ऑन-रोड १३ लाखांची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. एफडी मोडून उरलेलं कर्ज काढू, ७ वर्षांचं शंभर टक्के कर्ज घेऊ, की कंपनीच्या लीज योजनेतून (गाडी कंपनीमार्फत भाड्याने, भाडं पगारातून करापूर्वी कापलं जातं) घेऊ? लीजचं भाडं ३० हजार, मुदत ४ वर्षं. त्यावर ३० टक्के कर वाचतो असं एजंट म्हणतो. युलिपचे (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) दीड लाखाचे चार वार्षिक हप्ते भरले आहेत. पाचव्या वर्षाअखेर पैसे दुप्पट होतील असं बँकेत सांगितलंय, त्यातून गाडीचं कर्ज फेडेन. युलिपमध्ये १५ लाखांचं कवच असल्यामुळे वेगळ्या विम्याची गरज नाही. आरोग्यविमा कंपनीचा आहे. वर्षभरात नोकरी बदलायचा विचार आहे.

उत्तर : गाडीचं नंतर बघू. ‘वेगळ्या विम्याची गरज नाही’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या पत्रात महाग तेच आहे.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना १५ लाख मिळणार आणि बँकेचे ४० लाख देणं असणार. २५ लाखांचा खड्डा इथेच पडला, मुलांची शिक्षणं आणि किराणा अजून धरलेलाच नाही. शिवाय बऱ्याच युलिपमध्ये कवच आणि फंड यांपैकी मोठी असेल तीच रक्कम मिळते, दोन्ही नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. १५ लाख हा आकडाही तुमची गरज मोजून काढलेला दिसत नाही. हप्त्याच्या दहापट कवच असलं की करसवलत टिकते, म्हणून तो तेवढा आहे.

तुमचा हिशेब सरळ आहे. कर्ज ४० लाख, अधिक वर्षाला सव्वासात लाख घरखर्च १५ वर्षं. म्हणजे दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा), साठीपर्यंत. तब्येत ठणठणीत असेल तर वर्षाला साधारण २५ ते ३५ हजार हप्ता येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही. अर्ज भरतानाच पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहते, तुम्हाला कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. नंतर हे करता येत नाही. आणि हे सगळं राजीनाम्याआधी, कारण पगाराचे कागद तेव्हा हातात असतात.

आता ‘दुप्पट’. पाच हप्ते म्हणजे साडेसात लाख. पहिला हप्ता पाच वर्षं गुंतलेला, शेवटचा एकच वर्ष, सरासरी तीन. ७२ ला वर्षांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारा परतावा ढोबळमानाने कळतो. तीन वर्षांत दुप्पट व्हायला ७२ भागिले ३, म्हणजे वर्षाला २४ टक्के परतावा हवा, तोही युलिपचं सगळं शुल्क कापून. असं आश्वासन देणाऱ्याला ते बँकेच्या लेटरहेडवर मागा, मिळणार नाही. १०-१२ टक्के सुटले तर दहा-साडेदहा लाख होतील. बाजार पडला तर भरलेलेही परत येणार नाहीत. या पैशावर कर्ज काढू नका.

तरीही पाचवा हप्ता भरा. आधीच्या वर्षांत जुन्या करपद्धतीत वजावट घेतली असेल, तर पाच वर्षांचे हप्ते पुरे होण्याआधी पॉलिसी सोडल्यास ती वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते. पाच वर्षं पुरी झाली की बाहेर पडा, सहावा हप्ता नको.

आरोग्यविमाही स्वतःचा घ्या. नोकरी सुटली की कंपनीचं कवच सुटतं. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती मुदत आजच सुरू होऊ द्या. मधुमेह अर्जात लिहा. लपवलात तर नेमका मोठा दावा अडकतो.

आता गाडी. लीज तुमच्यासाठी बाद. २० लाखांवर तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. नव्या पद्धतीत ३० टक्के २४ लाखांपुढे लागतात. ३ लाख ६० हजार भाड्यावर वाचणार साधारण ७५ हजार, त्यातून गाडीच्या सुविधेवर धरला जाणारा कर वजा. एजंटच्या ३० टक्क्यांनी होणाऱ्या १ लाख ८ हजारांचे ६०-७० हजार झाले. हेही वाईट नाही, पण वर्षभरात राजीनामा दिलात की उरलेल्या भाड्याचा हिशेब आणि दंड नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या शेवटच्या रकमेतून कापला जाऊ शकतो. नवी कंपनी लीज पुढे चालवेलच असं नाही.

शंभर टक्के कर्ज त्याहून वाईट. ९ टक्क्यांनी १३ लाख, ७ वर्षं : हप्ता २१ हजार, एकूण व्याज साडेचार लाख. तीन वर्षांनी बाकी ८ लाख ४० हजार. शोरूम किंमत ११ लाख असेल तर तेव्हा विम्यातली गाडीची किंमत ४० टक्के घसारा जाऊन ६ लाख ६० हजार. गाडी चोरीला गेली तर १ लाख ८० हजार खिशातून, तेही नसलेल्या गाडीसाठी. कारण रोड टॅक्स आणि विम्याचे दोनेक लाख पहिल्याच दिवशी संपलेले असतात, कर्जात मात्र ते सात वर्षं राहतात.

एफडीही सगळी मोडू नका. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला लाखभर जातात आणि तुम्ही नोकरी बदलताय. सहा लाख हलवू नका, तीन वापरा.

म्हणजे आज परवडते ती नऊ लाखांची गाडी : ३ लाख रोख, ६ लाख कर्ज, ५ वर्षं, हप्ता साडेबारा हजार. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठीवर ४०. १३ लाखांचीच हवी असेल तर युलिपचे पैसे खात्यात येईपर्यंत थांबा. सही करण्याआधी कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास किती टक्के दंड आहे ते लेखी घ्या. गाडीची कर्जं बहुतेक स्थिर व्याजाची असतात आणि त्यांवर हा दंड लागू शकतो.